नारिंगीवरचं लाल

परब मॅडमच्या खोलीत 'बहुतेक' हा शब्द चालायचा नाही. कुणी नवीन डॉक्टर म्हणाला, "मॅडम, बहुतेक नॉर्मल आहे," की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "बहुतेक म्हणजे कुठला डोळा? उजवा की डावा?" मग त्या खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन बसायच्या आणि स्वतः बघायला लागायच्या. बघताना चित्राशी बोलायची सवय होती. "चल बाई, दाखव काय ते. मला काय दिवसभर वेळ नाही." पण दिवसभर वेळ असल्यासारख्याच बघायच्या.

घाटकोपरला एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या रुग्णालयात मी डोळे तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून लागले, तेव्हा डॉक्टर वासंती परब तिथे रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मुख्य डॉक्टर होत्या. उंच, हडकुळ्या, सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. चहा समोर आला की तो थंड होईपर्यंत विसरायचा आणि मग एका घोटात संपवायचा. रोज सकाळी आल्या आल्या स्वतःच्या रुमालाने स्क्रीन पुसायच्या. कधीतरी त्यावरचा धुळीचा ठिपका त्यांना रक्तस्राव वाटला होता म्हणे. वडील परळला कापडगिरणीत होते. ती बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरला पिठाची गिरणी टाकली. "आमचो बापूस एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत गेलो, प्रमोशन झाला त्याचा," असं त्या हसत सांगायच्या. एरवी त्या सरळ मुंबईचं फटकळ मराठी बोलत. मालवणी यायचं ते गंमतीत, नाहीतर भीती वाटली की. यातलं दुसरं कळायला मला जरा वेळ लागला.

त्यांचं खास काम होतं दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचं. अशा बाळाच्या डोळ्याचा पडदा पोटात पुरा तयार झालेला नसतो. बाहेर आल्यावर त्यावरच्या रक्तवाहिन्या कधी कधी वाट चुकतात, नको तिथे वाढतात आणि पडदा ओढून जागचा सोडवतात. वेळेत लेसर केलं तर डोळा वाचतो. वेळेत म्हणजे दिसल्यापासून एक-दोन दिवसांत. बाहेरून बाळाचे डोळे अगदी टपोरे, छान दिसत असतात, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

हे बघू शकणारे डॉक्टर थोडे. म्हणून लांबलांबच्या सरकारी रुग्णालयांतल्या नर्सेसना मॅडमनी स्वतः जाऊन एक कॅमेरा वापरायला शिकवलं होतं. बाळाच्या डोळ्यावर जेल लावून तो अलगद टेकवायचा आणि पडद्याची चित्रं काढून आमच्याकडे पाठवायची. ती घेणं, लावून ठेवणं आणि मॅडमसमोर उघडणं हे माझं काम.

पहिल्याच आठवड्यात पालघरच्या डोंगराकडच्या एका रुग्णालयातून माझ्या फोनवर चित्रं आली. मी ती स्क्रीनवर लावली. मॅडमनी एकदा बघितलं आणि चष्मा वर केला.

"हे फोटो म्हणून पाठवलंय का?"

"हो मॅडम. फोनवर आलंय."

"परत मागव, वैशाली. डॉक्युमेंट म्हणून. आहे तसं."

"स्पष्ट तर दिसतंय, मॅडम."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एक कोरा कागद ओढला.

"हे बघ. एका ओळीत चाळीस ठिपके पांढरे आहेत. ते कमी जागेत लिहायचे. एक रीत म्हणजे, 'पांढरा, चाळीस वेळा.' वाचणारा चाळीसच्या चाळीस परत मांडू शकतो. काही हरवलं नाही. हे लॉसलेस. दुसरी रीत म्हणजे, 'साधारण पांढरं.' जागा अजून कमी लागली. पण त्या चाळीसांत एक गुलाबी होता, तो गेला. गेला तो गेला, परत येत नाही. हे लॉसी. फोन फोटो पाठवताना 'साधारण' करतो, आणि आपल्याला विचारत नाही."

"पण एवढा बारीक फरक डोळ्याला कळतो का?"

"कळत नाही म्हणूनच तो टाकतात. माणसाला उजेड-अंधार चांगला कळतो, रंगातला बारीक फरक कमी. म्हणून आधी रंग टाकतात. लग्नाच्या फोटोला चालतं. आपला धंदा काय? पडदा नारिंगी, रक्तवाहिनी लाल. नारिंगीवरचं लाल बघायचा आपण पगार घेतो." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आणि एक. 'दिसत नाही' आणि 'नाही' हे दोन वेगळे शब्द आहेत. रिपोर्टात एकाच्या जागी दुसरा लिहिलास तर मी तुला मिरचीगोडाऊनला पाठवीन."

घाटकोपरला मिरचीगोडाऊन कुठे आहे ते मला अजून माहीत नाही.

पुढे वर्षभरात चित्रांचा ढीग झाला. रुग्णालयाचे व्यवस्थापक शहा सर. माणूस वाईट नव्हता, जागेची आणि खर्चाची चिंता त्यांच्या गळ्यात होती. त्यांनी एक नवीन प्रणाली आणायचं ठरवलं, जी आलेलं प्रत्येक चित्र आपोआप दाबून लहान करून ठेवणार होती. ती विकणारा मुलगा सूट घालून आला होता. "मॅडम, नेकेड आयला फरक समजतच नाही," तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "बरं. मग मला बघू दे. थोडे दिवस द्या."

मला वाटलं, त्या भांडणार. भांडल्या नाहीत. जुन्या बाळांची चित्रं त्यांनी मला काढायला सांगितली. त्यांत आजारी होती, बरी होती. प्रत्येकाच्या तीन प्रती करायच्या. एक मूळ, एक थोडी दाबलेली, एक त्या प्रणालीइतकी दाबलेली. नावं झाकायची, क्रम विस्कटायचा आणि रोज दुपारी त्यांना दाखवायची. त्या बघायच्या, बोलायच्या, मी लिहायचे. कुठली प्रत कुठली ते फक्त मला माहीत. एक दुपार मला फार जड गेली. एक चित्र बघून त्या म्हणाल्या, "नॉर्मल. पुढचं." मला ते बाळ ओळखता आलं होतं. मी खाली मान घालून लिहिलं. लिहायला नेहमीपेक्षा वेळ लागला असावा. त्यांनी पाहिलं, पण काही विचारलं नाही.

बैठकीत त्यांनी तेच चित्र भिंतीवर लावलं. ट्रस्टी होते, शहा सर होते, तो मुलगा होता.

"हे मी गेल्या आठवड्यात नॉर्मल म्हटलं," मॅडम म्हणाल्या. मग शेजारी मूळ चित्र लावलं. कडेजवळ नारिंगीवर लाल केसांची पुसट जाळी होती. "या बाळाला लेसर मीच केलं होतं. ही जाळी मी माझ्या हाताने जाळलीय. आणि दाबलेल्या चित्रात मी त्याला घरी पाठवलं."

विकणारा मुलगा म्हणाला, "एखाद्या केसमध्ये होऊ शकतं, मॅडम."

"एखाद्याच केसमध्ये होतं. त्या केसला दोन डोळे असतात."

शहा सर म्हणाले, "म्हणजे काहीच दाबायचं नाही? मग मी हे ठेवू कुठे?"

"असं मी म्हणाले का? थोडं दाबलेल्यात माझी एकही चूक झाली नाही, तेही लिहिलंय. ज्या बाळाचा पडदा पुरा वाढलाय, ज्याची फाईल बंद झालीय, ते थोडं दाबा. माझी हरकत नाही. पण जे अजून कुणी वाचलं नाही, ते आहे तसं आलं पाहिजे. वाचायच्या आधी फेकायचं काय, हे मशीन ठरवणार असेल तर मला घरी जाऊ द्या."

ठरलं तसंच. शहा सर मात्र त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

नंतर जिन्यात मी त्यांना विचारलं, "मॅडम, पूर्वी काही झालं होतं का? कुठलं बाळ?" मला वाटत होतं, एवढ्या हट्टामागे काहीतरी घडलेलं असणार. त्या पायरीवर थांबल्या. "काही झाल्यावरच माणसाने नीट बघायचं असतं का गं?" एवढं म्हणून उतरून गेल्या.

त्या नियमाची खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. ओपीडीचा दिवस, बाहेर बाकांवर माणसं दाटलेली, कित्येकांच्या डोळ्यांत थेंब घातलेले. पालघरच्या त्या रुग्णालयातून भोये सिस्टरचा फोन आला. आमच्या सगळ्या नर्सेसमध्ये मॅडमचा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर.

"मॅडम, जुळ्या मुली आहेत. आज तपासल्या. पण इथली केबल रस्ता खोदताना तुटलीय. फोनच्या नेटवर एक अख्खं चित्र जाईना, मध्येच तुटतंय. म्हणून सगळी बारीक करून पाठवलीत. ती बघून सांगा, सोडू का यांना?"

"एवढी घाई कसली?"

"गेटवर टेम्पो उभाय. मुकादम आलाय. नवरा-बायको वीटभट्टीवर चाललेत, भिवंडीकडे. कुठली भट्टी ते त्यांनाही माहीत नाही. फोन आहे, पण बंद असतो. एकदा गेले की आपल्याला सापडणार नाहीत."

मी चित्रं लावली. मॅडमनी मोठ्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांची चित्रं बघितली. "ही ठीक. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्यात. एवढं तर बारीक चित्रातही कळतं. हिच्यासाठी थांबायला नको." मग धाकटीची. उजवा डोळा. डावा डोळा. परत उजवा. परत डावा. डाव्यावर त्या थांबल्या. मोठं केलं की चित्राचे चौकोन दिसायला लागायचे, नारिंगी तुकडे एकमेकांना चिकटवल्यासारखे.

"मला तरी काही दिसत नाही, मॅडम," मी म्हणाले.

"मलाही दिसत नाही." त्यांनी ओठ चावला. "पण हिची नस बघ. जरा वाकडी आहे. थोडीशीच."

फोनवर सिस्टर वाट बघत होती. मागे टेम्पोचा हॉर्न ऐकू येत होता. अख्खी चित्रं येईपर्यंत थांबवावं तर टेम्पो जाणार. आलंय त्यावर सोडावं तर... मॅडमनी डोळे मिटले. एवढ्यात शहा सर दारात आले.

"डॉक्टर, बाहेर लोक आवाज चढवतायत. सकाळपासून बसलेत."

"बसू दे."

"कुठल्या तरी भट्टीवरच्या माणसासाठी इथले पन्नास पेशंट..."

"शहा सर," त्या वळल्याही नाहीत, "दार लावा. आत राहायचं तर आत राहा." ते आत राहिले.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "भोये, ऐक. अख्खं चित्र नको. धाकटीचा डावा डोळा. बाहेरची बाजू, घड्याळात तीन वाजतात तिथे. लॅपटॉपवर मूळ चित्र उघड आणि तेवढाच तुकडा काप. रुपयाएवढा. लहान करू नको, उजळ करू नको. पीएनजी कर, त्यात काही हरवत नाही, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव. तेवढं जाईल. आणि बापाला फोन दे."

बाप फोनवर आला. रमेश नाव. आवाज तरुण, घाईतला.

"मॅडम, मुकादम थांबत नाय."

"त्याला चहा पाज."

"पाजला. पोर बरी हाय ना पण? दूध पिते, रडते, दिव्याकडं बघते."

"बघते. आज बघते. थोडं थांब, भाऊ. मला नीट दिसेपर्यंत थांब."

तुकडा अर्धा आला आणि अडकला. परत पाठवला. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. बाहेर कुणीतरी दारावर थाप मारली. शहा सरांनी दार किंचित उघडून त्याला काहीतरी सांगितलं आणि परत लावलं. मी मॅडमच्या हाताकडे बघत होते. त्यांनी टेबलाची कड धरली होती.

मग तुकडा उघडला. बोटभर चित्र. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी लाल बारीक जाळी, पडद्यावर सपाट पसरलेली. शेजारी बारीक केलेलं चित्र ठेवलं, तर त्याच जागी नुसतं गुळगुळीत नारिंगी.

"आसा गो," मॅडम हळूच म्हणाल्या. "आसा."

'आहे' मालवणीत आलं, म्हणजे त्या घाबरल्या होत्या. रमेशला म्हणाल्या, "भाऊ, धाकटीला आजच मुंबईला आणायचं. लेसर लागेल."

"भट्टीवरून येऊ की. आठ दिसानं."

"आठ दिवसांनी डोळा नसेल."

"चांगला तर दिसतोय डोळा." त्याचा आवाज आता चिडला होता. पलीकडे मुकादम काहीतरी ओरडला. मॅडम म्हणाल्या, "तिच्या आईला दे."

आईचं नाव सुनीता.

"सुनीता, मी परब डॉक्टर. मी तुला बघितलेलं नाही, तुझी पोर बघितली नाही. फक्त तिच्या डोळ्याचा एवढासा तुकडा बघितलाय. माझी चूकही होऊ शकते. चूक झाली तर तुझी एक मजुरी जाईल आणि तू मला शिव्या घाल. पण मी बरोबर असले आणि तू टेम्पोत बसलीस, तर त्या डोळ्याने तिला पुढे काही दिसणार नाही. आता तू सांग."

पलीकडे परत हॉर्न वाजला. मग सुनीता म्हणाली, "गाडी कधी येल?"

नंतर भोये सिस्टर म्हणाली, "मॅडम, गाठोडं उतरवलं. मुकादम शिव्या देत गेला. नवराही उतरलाय." मॅडमनी फोन ठेवला, थंड झालेला चहा प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "पुढचा पेशंट बोलव." बाहेर जाताना शहा सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. रुग्णालयाची रुग्णवाहिका अर्ध्या वाटेपर्यंत समोरून पाठवायला सांगत होते.

संध्याकाळी ती माणसं पोचली. धाकटी म्हणजे एवढीशी, तळहातापेक्षा जरा मोठी. मॅडमनी तिला आत घेऊन स्वतः तपासलं. डावा डोळा बघून त्यांनी मान हलवली, अपेक्षेप्रमाणे. मग उजवा बघितला. बराच वेळ बघितला.

"उजवाही आसा," त्या म्हणाल्या. "मी उजव्याचा तुकडा मागवलाच नाही, वैशाली."

"मॅडम, त्यात काहीच दिसत नव्हतं."

"तेच सांगतेय मी." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "डावा साफ असता तर मी हिला सोडली असती. उजव्यासकट."

मग हात धुवायला गेल्या. दोन्ही डोळ्यांचं लेसर त्याच रात्री केलं. बाहेर रमेश मोठीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं. उजव्याचं आपल्याकडून राहिलं होतं, तेही सांगितलं. त्याला ते कितपत कळलं माहीत नाही. तो म्हणाला, "पण आता केलं ना?" दुसऱ्या दिवशीपासून नियम बदलला. नेट कितीही खराब असलं तरी दोन्ही डोळ्यांचे तुकडे, प्रत्येकी चार बाजूंचे, आहेत तसे आल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही.

उजवा डोळा छान वाचला. डाव्याचा पडदा एका कोपऱ्यात सुरकुतला. अधूनमधून तपासणीला आणा, असं मॅडम सांगत राहिल्या, आणि त्या दोघांनी खरंच आणलं. भट्टीचा हंगाम असला तरी आणलं.

मॅडम निवृत्त झाल्या तो दिवस साधाच ठेवायचा, असं त्यांनी बजावलं होतं. तरी शहा सरांनी खाली हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, हार आणला, समोसे मागवले. सगळे जमले आणि मॅडमच नाहीत. शहा सर म्हणाले, "वैशाली, जरा बघ ना, कुठे गेल्या."

लहान मुलांच्या तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. समोर सुनीताच्या मांडीवर धाकटी, आता दात आलेली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. तिच्या चांगल्या, उजव्या डोळ्यावर मुद्दाम पट्टी लावली होती. फक्त डावा उघडा. मॅडमच्या हातात एक लाल मणी होता. आवाज न करता त्या तो तिच्यासमोर हळूहळू सरकवत होत्या. पोरगी भिंतीकडेच बघत होती. मॅडमनी मणी जवळ आणला, थोडा लांब नेला, परत जवळ आणला. त्यांना घाई नव्हती.

मणी बाहेरच्या कडेकडून आत आला, आणि पोरीची मान वळली. एवढीशीच. मग तिने हात पुढे केला.

खालून कुणीतरी हाक मारली. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरून सांगितलं, "मॅडमना वेळ लागेल. समोसे खाऊन घ्या."